चित्राची दृष्टी आणि पाहणाऱ्याची जागा

नागपूरहून छिंदवाड्याकडे निघालेल्या प्रवाशाला वाटेत सौंसर लागते आणि इटारसीच्या लोहमार्गाने निघालेल्यास पांढुर्णा लागते. राज्य मध्य प्रदेश, शासनाची भाषा हिंदी. परंतु घराघरांतून, बाजारातून आणि संत्र्यांच्या बागांतून कानी पडते ती मराठी. या परिसरातील ख्रिस्ती कुटुंबांना भेटी देत असता एका घरी आम्हांस जो लहानसा प्रसंग पाहावयास मिळाला, त्यातून प्रस्तुत लेखाचा विषय सुचला.

ओसरीच्या भिंतीवर प्रभू येशूच्या पवित्र हृदयाचे चौकटीत बसविलेले चित्र होते. घरातील दोन नातवंडे ओसरीच्या दोन टोकांस बसून वाद घालीत होती. एक म्हणे, "येशू माझ्याकडे पाहतो", दुसरे म्हणे, "नाही, माझ्याकडे." आम्ही वडीलकीच्या सुरात सांगितले की, बाळांनो, तो दोघांकडेही पाहतो. मुलांचे समाधान झाले नाही. तेवढ्यात आतून आजी म्हणाल्या, "काहून भांडता रे? एकमेकाच्या जाग्यावर बसून पाहा नं." मुलांनी जागा बदलल्या आणि वाद मिटला. आमचे उत्तर धर्मशास्त्राच्या दृष्टीने अचूक होते. परंतु ते आम्ही आमच्या खुर्चीवरून दिले होते. आजीबाईंनी उत्तर दिले नाही. त्यांनी मुलांना उठविले.

या प्रसंगाने आम्हांस स्वतःच्या एका जुन्या चुकीची आठवण झाली. तरुणपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात अशाच एका चित्राकडे बोट दाखवून आम्ही मुलांना बजावले होते की, तुम्ही कोठेही जाऊन बसा, हे डोळे तुमच्या मागोमाग येतात. वर्ग तत्काळ शांत झाला आणि आम्हांस आपल्या अध्यापनकौशल्याचा अभिमान वाटला. त्यानंतर मात्र एक मुलगा त्या भिंतीकडे पाठ करून बसू लागला आणि पुढे वर्गास येईनासा झाला. चित्र तेच, दृष्टीही तीच. परंतु आम्ही तिचा अर्थ पहारा असा करून दिला होता. हा अर्थ ख्रिस्तसभेच्या परंपरेत खरोखर होता काय, हे पाहण्यासाठी या विषयाचा थोडा इतिहास तपासणे अगत्याचे वाटते.

डोळे पाठलाग का करतात?

प्रथम या आभासाचे कारण समजून घेतले पाहिजे, कारण धर्मशिक्षकाने नैसर्गिक गोष्टीला चमत्कार म्हणू नये आणि आभास म्हणून तिची हेटाळणीही करू नये. आपल्यासमोर प्रत्यक्ष मनुष्य बसला असेल आणि आपण त्याच्या उजवीकडे सरकलो, तर त्याचा एक गाल अधिक दिसू लागतो, दुसरा झाकला जातो, आणि आपण त्याच्या दृष्टीच्या रेषेतून बाहेर आलो हे कळते. पुतळ्याचेही तसेच होते. चित्र मात्र सपाट असते. आपण कितीही बाजूला गेलो तरी चित्रातील मुखाची लपलेली बाजू उघड होत नाही. बुबुळाच्या दोहों बाजूंचे पांढरे जेवढे रंगविले तेवढेच राहते. म्हणून समोर पाहणारा म्हणून रंगविलेला चेहरा कोठूनही समोर पाहणाराच वाटतो, आणि एका बाजूला पाहणारा म्हणून रंगविलेला चेहरा कोणत्याही जागेवरून आपल्याकडे वळत नाही.

विल्यम वोलास्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८२४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात या विषयावर निबंध प्रसिद्ध केला. तेच रंगविलेले डोळे वेगळ्या दिशेला वळलेल्या चेहऱ्यात बसविले तर त्यांची दृष्टीही वेगळ्या दिशेला वळल्यासारखी दिसते, हे त्याने चित्रे जोडून दाखविले. पाहणे हे केवळ नेत्राचे कार्य नसून त्यात मनाचा निर्णयही मिसळलेला असतो, हे तत्त्व त्याच्या आठ शतके आधी अरबी विद्वान इब्न अल-हैथम याने आपल्या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथात मांडले होते. सारांश, आभास हा डोळ्याचा रोग नव्हे. आपण नेहमीच कोठून तरी पाहतो, ही गोष्ट तो केवळ उघड करतो.

टेगर्नझेच्या मठातील प्रयोग

या आभासाचा धर्मशास्त्रात सर्वांत सखोल उपयोग करणारा पुरुष म्हणजे कूसाचे निकोलस. १४०१ साली मोझेल नदीकाठी जन्मलेले हे जर्मन विद्वान पुढे कार्डिनल व ब्रिक्सनचे बिशप झाले आणि १४६४ साली मरण पावले. बव्हेरियातील टेगर्नझे येथील बेनेडिक्टाइन मठवासींनी त्यांना विचारले होते की, बुद्धीच्या साहाय्यावाचून केवळ प्रेमाने देवाकडे चढता येते काय? या चर्चेच्या ओघात १४५३ साली निकोलस यांनी त्यांना 'देवाच्या दर्शनाविषयी' हा लॅटिन ग्रंथ पाठविला आणि सोबत एक चित्रही पाठविले. त्या चित्रातील मुख सर्वांकडे पाहणारे होते. अशा चित्रांची उदाहरणे देताना त्यांनी ब्रसेल्सच्या नगरभवनातील रॉजियर व्हान डर वायडन या चित्रकाराच्या कृतीचा उल्लेख केला आहे. ती चित्रे १६९५ च्या तोफमाऱ्यात नष्ट झाली. निकोलस यांचा ग्रंथ मात्र राहिला.

ग्रंथाच्या प्रारंभी त्यांनी मठवासींना एक प्रयोग करावयास सांगितला आहे. चित्र भिंतीवर लावावे. सर्व बंधूंनी त्याच्यापासून सारख्या अंतरावर उभे राहावे. प्रत्येकाला वाटेल की, मुख माझ्याकडेच पाहत आहे. मग पूर्वेकडील बंधूने पश्चिमेकडे चालत जावे. दृष्टी त्याच्याबरोबर चालेल. येथवरचा भाग आमच्या ओसरीवरील मुलांनाही ठाऊक होता. पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. त्याच वेळी दुसऱ्या बंधूने पश्चिमेकडून पूर्वेकडे चालावे. पहिल्या बंधूला दिसते ते एवढेच की, दृष्टी आपल्याबरोबर येत आहे. ती त्याच क्षणी उलट दिशेनेही जात आहे, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी कधीही दिसणार नाही. ते कळण्याचा मार्ग एकच: समोरून येणाऱ्या बंधूला विचारणे आणि त्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवणे.

या ठिकाणी आभासाचे रूपांतर धर्मशास्त्रात होते. देव माझ्याकडे पाहतो हा माझा अनुभव असू शकेल. देव तुझ्याकडेही तितक्याच पूर्णपणे पाहतो, हे मला तुझ्या साक्षीवाचून कळू शकत नाही. म्हणजे दुसऱ्याची साक्ष ही आपल्या श्रद्धेला जोडलेली शोभा नसून तिचा आवश्यक भाग आहे. शिवाय निकोलस यांच्या लेखी ही दृष्टी पहारेकऱ्याची नाही. ती प्रत्येकाची अशी काळजी वाहते की जणू तिला दुसरे कोणी नाहीच, आणि क्षुद्रातील क्षुद्र जिवावरही ती तेवढीच स्थिरावते. देवाचे पाहणे म्हणजेच त्याचे प्रेम करणे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आम्ही वर्गातील मुलांना जो अर्थ सांगितला होता, त्याला निदान या परंपरेत आधार नाही.

पवित्र शास्त्रातही 'पाहणारा देव' हे नाव कोणी ठेवले ते लक्षात घ्यावे. उत्पत्तीच्या सोळाव्या अध्यायात ते नाव अब्राहामाने नव्हे, सारेनेही नव्हे, तर घरातून पळालेल्या हागार या मिसरी दासीने ठेवले. तंबूत बसलेल्यांना हागारेकडे लागलेली देवाची दृष्टी दिसली नाही. ती तिने सांगितली म्हणून कळली.

याच १४५३ सालच्या मे महिन्यात कॉन्स्टँटिनोपल पडले होते. युरोपात भय व संताप पसरला असता निकोलस यांनी 'श्रद्धेतील शांतीविषयी' हा दुसरा ग्रंथ लिहिला. त्यात निरनिराळ्या राष्ट्रांचे ज्ञानी पुरुष स्वर्गीय सभेत संवाद करतात, आणि त्यांत एक भारतीयही आहे. मूर्ती व प्रतिमा यांचे काय, असा प्रश्न तो विचारतो. त्या काळात एवढे औदार्य दुर्मीळ होते, हे मान्य केले पाहिजे. तथापि या भारतीयाच्या मुखातील शब्द निकोलस यांनी स्वतःच रचले होते. समोरून येणाऱ्यास विचारावे हा नियम ज्यांनी घालून दिला, त्यांना प्रत्यक्ष भारतीयास विचारण्याची सोय नव्हती. आम्हांस ती आहे. आमच्याकडे सबब नाही.

रोममधील संगमरवरी चकती

सुमारे सव्वादोनशे वर्षांनंतर रोममध्ये याच्या अगदी उलट दिशेने विचार झाला. संत इग्नेशियस यांच्या नावाच्या चर्चसाठी योजलेला घुमट बांधला गेला नाही. तेव्हा आंद्रेआ पोत्सो या येशूसंघीय बंधूने १६८५ साली एका प्रचंड पटावर घुमट रंगवून तो छताला बसविला. नंतर १६९४ पर्यंत त्याने मधल्या दालनाचे छतही रंगविले. जमिनीवर एक संगमरवरी चकती बसविलेली आहे. तीवर उभे राहिले की, रंगविलेले स्तंभ खऱ्या भिंतींतूनच वर चढत असल्याचा भास होतो आणि छत नाहीसे होऊन स्वर्ग उघडतो. चकती सोडून बरेच बाजूला गेले की, तेच स्तंभ कलतात आणि स्वर्ग कोसळल्यासारखा दिसतो.

एकच बिंदू का, अनेक का नाहीत, अशी टीका पोत्सोच्या हयातीतच झाली. त्याने आपल्या ग्रंथात आपली बाजू मांडली आणि चित्रकाराने आपल्या सर्व रेषा देवाच्या गौरवाच्या एकाच खऱ्या बिंदूकडे न्याव्यात, असा भाव व्यक्त केला. विचार भव्य आहे आणि कलाही थोर आहे. परंतु देवाच्या गौरवाचा बिंदू आणि पाहणाऱ्याच्या पायाखालची चकती या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्याच छतावर ख्रिस्तापासून निघालेला प्रकाश इग्नेशियसच्या हृदयावरून चार खंडांकडे जातो आणि ही खंडे स्त्रीरूपाने रंगविली आहेत. आशिया उंटावर आरूढ आहे. रोमच्या चकतीवरून आशिया तशी दिसली. सौंसरच्या बाजारात संत्र्यांची टोपली पुढे घेऊन बसलेली बाई त्या चित्रात स्वतःला ओळखील काय, हा प्रश्न त्या चकतीवर उभे राहून सुचणे कठीण आहे.

आमच्या मिशनकार्याच्या इतिहासात पोत्सोची चकती पुष्कळ वेळा वापरली गेली. अमुक जागी या, अमुक भाषेत बोला, अमुक पोशाख घाला, म्हणजे स्वर्ग सरळ दिसेल, असे आम्ही सांगत आलो. ज्यांना तो वाकडा दिसला त्यांना आम्ही अश्रद्ध म्हटले; ते केवळ दुसरीकडे उभे होते.

अजिंठ्यातील दिवा

आता युरोपातून आपल्या मुलखाकडे यावे. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा एक ताम्रपट 'पांढुर्णा ताम्रपट' या नावाने इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या वाकाटक लेखसंग्रहामुळे या घराण्याचा इतिहास सुसंगत रीतीने उपलब्ध झाला. इसवी सनाच्या पाचव्या शतकात हा सारा प्रदेश त्या घराण्याच्या छत्राखाली होता. त्याच घराण्याच्या वत्सगुल्म, म्हणजे आजच्या वाशीम, शाखेतील हरिषेण राजाच्या काळी अजिंठ्याची अनेक लेणी कोरली व रंगविली गेली. म्हणून अजिंठा हे पांढुर्ण्याच्या लोकांना परके वैभव नव्हे.

तेथील पहिल्या लेण्याच्या गाभाऱ्यात धर्मचक्रप्रवर्तन मुद्रेतील बुद्धाची भव्य मूर्ती आहे. वाटाडे तिच्यासमोर दिवा धरून दाखवितात. प्रकाश एका बाजूने आला की मुखावर स्मित उमटल्यासारखे वाटते, दुसऱ्या बाजूने आला की ते गंभीर होते आणि समोरून आला की ध्यानमग्न दिसते. येथे पाहणारा एकाच जागी आहे. हलतो तो दिवा. यांतील खरा चेहरा कोणता, असे विचारणे व्यर्थ आहे. पाषाण एकच आहे, आणि एका दिव्याने त्याचे सर्व काही दिसत नाही एवढेच खरे.

त्याच लेण्यात एका स्तंभशीर्षावर चार हरणे कोरली आहेत. परंतु चौघांना मिळून मस्तक एकच आहे. ज्या हरणाच्या शरीरावर आपण लक्ष ठेवावे, त्याचेच ते मस्तक वाटते आणि उरलेली तीन मस्तकहीन भासतात. त्या शिल्पकाराचा हेतू अर्थातच आपला नव्हता आणि बौद्ध कलेवर ख्रिस्ती अर्थ लादणे उचित नाही. तथापि मस्तक व शरीर यांविषयी पौलाने जे शिकविले ते वर्षानुवर्षे शिकविणाऱ्या आम्हां धर्मगुरूंना त्या दगडापुढे थोडे थांबावेसे वाटते. मस्तक आमचेच आहे असे प्रत्येक मंडळीला मनापासून वाटते, आणि त्यात तिची चूक नसते. उरलेल्यांना मस्तकच नाही असे ती म्हणू लागते, तेव्हा चूक होते.

एक घर, दोन साक्षी

मराठी ख्रिस्ती वाचकांना याचे अधिक जवळचे उदाहरण ठाऊक आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. १८९३ साली राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात भेटलेल्या एका अनोळखी युरोपियन गृहस्थाच्या शब्दांनी व त्याने दिलेल्या नव्या कराराने त्यांच्या अंतःकरणात जी खळबळ झाली, तिची ती परिणती होती. टिळकांच्या बाजूने पाहिले तर ती प्रकाशाची कथा आहे. त्याच घटनेकडे लक्ष्मीबाईंच्या जागेवरून पाहिले की काय दिसते, ते १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे' या ग्रंथाने महाराष्ट्राला कळले. तेथे एकाएकी पती दुरावलेली पत्नी आहे, लहान मूल आहे, समाजाची नजर आहे आणि काही वर्षांचा विरह आहे. १९०० साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. परंतु पतीच्या जागी उभ्या राहून नव्हे, तर स्वतःच्या वाटेने चालत येऊन.

आम्ही धर्मगुरू धर्मांतराचा इतिहास बहुधा टिळकांच्या बाजूने सांगतो. लक्ष्मीबाईंनी लिहिले नसते, तर दुसऱ्या बाजूची साक्ष आम्हांस मिळाली नसती आणि ती उणीव आमच्या लक्षातही आली नसती. त्यांच्या साक्षीने टिळकांची साक्ष खोटी ठरत नाही. उलट ख्रिस्ताची दृष्टी मुंबईच्या बाप्तिस्म्यावर होती, त्याच क्षणी ती मागे राहिलेल्या घरावरही होती, हे आता आपण जाणतो.

जाम नदीचे दोन तीर

पांढुर्णा आणि सौंसर यांचे जीवनच सीमेवरचे आहे. १९५६ पर्यंत नागपूर ही या भागाची राजधानी होती. राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा व सौंसर मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. नागपूरकडून पाहणाऱ्याला येथील माणूस मध्य प्रदेशी वाटतो, भोपाळकडून पाहणाऱ्याला तो मराठी वाटतो. तो मात्र आपल्या घरीच असतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा व सावरगाव यांच्यामध्ये जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. मध्यभागी पळसाचे झाड व त्यावर झेंडा उभारतात, आणि दोन तीरांवरचे लोक त्याच्यासाठी परस्परांवर दगड फेकतात. दोन्ही गावांतील एका प्रेमी जोडप्याची कथा तिच्या मुळाशी सांगतात. दरवर्षी माणसे जखमी होतात. काहींनी प्राणही गमावले आहेत. झेंडा एकच असतो आणि तो दोन्ही तीरांना आपलाच वाटतो. तीरावरच्या लोकांचा न्याय करण्याचा अधिकार आम्हांस नाही, कारण आमच्या हातांतील दगड शब्दांचे असतात एवढाच फरक. उपासना मराठीत व्हावी की हिंदीत, जुन्या घराण्यांचा मान किती आणि नव्याने आलेल्यांचा किती, मूर्ती व चित्रे असावीत की नसावीत, या प्रश्नांवर आम्ही ते एकाच वेदीच्या दोन बाजूंनी फेकतो. प्रत्येकाला ख्रिस्त आपल्याकडेच पाहताना दिसतो. समोरच्या बाकावरून काय दिसते हे कोणी विचारीत नाही.

बेथसैदा येथील आंधळ्याला प्रभूच्या पहिल्या स्पर्शानंतर माणसे झाडांसारखी चालताना दिसली, हे मार्काने नोंदविले आहे. त्याने ते प्रामाणिकपणे सांगितले म्हणून प्रभूने त्याला दुसऱ्यांदा स्पर्श केला. आपल्याला अजून झाडेच दिसत आहेत, असे कबूल करणाऱ्यासाठी दुसऱ्या स्पर्शाला जागा राहते.

धर्मशिक्षक बंधुभगिनींना आमची एक सूचना आहे. आपल्या वर्गात समोर पाहणारे ख्रिस्ताचे चित्र असेल, तर ते भिंतीच्या मध्यभागी लावावे आणि मुलांना दोन बाजूंनी चालावयास सांगावे. प्रथम प्रत्येकाने आपल्याला काय दिसले ते सांगावे. नंतर समोरून आलेल्या सोबत्याला विचारून, त्याला काय दिसले तेही सांगावे. आभास कसा घडतो हे त्यांना समजावून द्यावे, म्हणजे चमत्काराचा खोटा डोलारा उभा राहणार नाही. भय मात्र मुळीच घालू नये. भिंतीकडे पाठ करून बसलेल्या त्या मुलाला तेव्हा आम्ही एवढेच विचारावयास हवे होते की, बाळ, तुझ्या जागेवरून तुला काय दिसते? आम्ही ते विचारले नाही. ज्यांच्या वर्गात असा मुलगा आज बसला असेल, त्यांनी तरी ते विचारावे.